सुताराच्या हातातली वीज

ठाणे जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, एका अंगास संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि दुसऱ्या अंगास भाईंदरच्या खाडीकाठची मिठागरे यांच्या मधोमध काशी आणि मीरे ही दोन लहान गावे पूर्वापार नांदत होती. आज त्यांचे जोडनाव काशीमीरा हे मुंबई-अहमदाबाद महामार्गावरील एका गजबजलेल्या नाक्याचे नाव म्हणून सर्वतोमुखी झाले आहे. या मुलखाचा लिखित इतिहास बहुतांशी लढायांचा आणि महसुलाचा आहे. जवळचे घोडबंदर मराठ्यांनी १७३७ साली सुरू झालेल्या मोहिमेत पोर्तुगिजांकडून घेतले, १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली, पुढे इंग्रजांचा अंमल आला, १९८५ साली आसपासच्या ग्रामपंचायती मिळून नगरपरिषद झाली आणि २००२ च्या फेब्रुवारीत मीरा-भाईंदर महानगरपालिका अस्तित्वात आली, एवढे सारे दफ्तरात नमूद आहे. परंतु याच अवधीत येथल्या घरांची दारे ज्यांनी घडविली, उत्तनच्या कोळ्यांच्या होड्या ज्यांनी बांधल्या आणि आज मीरा रोडच्या सदनिकांतील कपाटे व पलंग जे करून देतात, त्या सुतारांची नोंद दफ्तराने क्वचितच ठेविली. त्यांचा इतिहास त्यांच्या हत्यारांतून वाचावा लागतो, आणि त्या हत्यारांनी कारागिराला केव्हा किती इजा केली हे पाहिले म्हणजे तो अधिक स्पष्ट वाचता येतो.

जुन्या सुताराच्या पेटीत काय असे? वाकस, करवत, रंधा, दोन-चार पटाश्या, गुण्या, ओळंबा, आणि भोक पाडण्यासाठी दोरीने किंवा कमानीने फिरवावयाचा सामता. पुढे गिरमिट आले. उंच मेजाशी उभे राहून काम करण्याची पाश्चात्त्य रीत आपल्याकडे नव्हती. आपला सुतार जमिनीवर बसे, लाकूड पायाच्या अंगठ्याखाली दाबून धरी आणि त्या अंगठ्यापासून चार बोटांवर वाकस चालवी. पाहणाऱ्याच्या अंगावर काटा यावा असे ते दृश्य. पण लहानपणापासून बापाच्या समोर बसून शिकलेल्या त्या हाताला घाव कोठे थांबवावयाचा हे पक्के ठाऊक असे, कारण घाव त्याच्याच दंडातून निघालेला असे. हात थांबला की हत्यार थांबले: या एका नियमावर त्या काळाची सारी सुरक्षितता उभी होती. तो नियम कोणी कागदावर लिहिलेला नव्हता आणि लिहिण्याची गरजही नव्हती.

गावगाड्यात सुताराचे स्थान मानाचे होते. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाडा’ ग्रंथात बलुतेदारांच्या ज्या ओळी वर्णिल्या आहेत, त्यांत सुतार थोरल्या ओळीत येतो. कोकणपट्टीत बलुत्याची घडी देशावरच्याइतकी आवळ नव्हती, आणि मुंबईच्या सान्निध्याने ती लवकरच सैल झाली. बलुत्याच्या जागी रोजंदारी आली, आणि रोजंदारीबरोबर ठेकेदार आला. बाप-लेकाच्या शिक्षणाची परंपरा येथेच प्रथम खंडित झाली, आणि त्या खंडाची किंमत पुढे वीज आल्यावर चुकती करावी लागली.

विजेचे हातयंत्र हे मूळ युरोपचे. जर्मनीतील स्टुटगार्टच्या फाइन यांच्या कारखान्यात १८९५ साली विजेवर चालणारे पहिले हातड्रिल तयार झाले. अमेरिकेत ब्लॅक आणि डेकर या दोघा भागीदारांनी पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबावयाचा खटका असलेल्या ड्रिलचे पेटंट १९१७ साली मिळविले. आपल्याकडे टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले, पण त्या विजेवर प्रथम हक्क गिरण्यांचा होता. सुताराच्या हातापर्यंत ती पोहोचावयास आणखी काही दशके जावी लागली. स्वातंत्र्यानंतर मुलुंडच्या रॅलिवुल्फने आणि पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळच्या कुलकर्णी पॉवर टूल्सने देशी हातयंत्रे बाजारात आणली, तेव्हा मुंबईच्या आसपासच्या गाळ्यांतून वायरवाले ड्रिल, ग्राइंडर आणि कटर ही नावे कारागिरांच्या बोलण्यात रुळली.

त्या वायरीच्या युगाकडे थोडे जवळून पाहिले पाहिजे, कारण आजच्या बहुतेक वाईट सवयी त्या युगाने जन्माला घातल्या आहेत. भाईंदर-काशीमीरा भागातील कोणत्याही अर्धवट बांधलेल्या इमारतीत सुतारकाम चालू असता पाहिले तर असे दिसे, आणि आजही दिसते, की यंत्राच्या वायरीला प्लग नाही. तिची सोललेली दोन टोके भिंतीवरच्या सॉकेटच्या भोकांत खुपसून आगपेटीच्या काड्यांनी घट्ट बसविली आहेत. अर्थिंगचा प्रश्न तेथे उद्‌भवतच नाही. वायर जागोजाग तुटलेली, चिकटपट्टीने जोडलेली आणि पावसाळ्यात फरशीवरच्या पाण्यातून गेलेली. त्याहून भयंकर प्रकार म्हणजे मार्बल कटरचा. संगमरवर आणि टाइल कापण्यासाठी बनविलेले चार इंची पात्याचे हे यंत्र आमच्या सुतारांनी लाकडाचे पाते लावून प्लायवूड कापण्यासाठी वापरात आणले. इतकेच नव्हे, तर एका प्लायच्या तक्त्याला खालून उलटे आवळून, फटीतून पाते वर काढून, त्यांनी त्याचे आडजात करवत-मेज केले. या मेजाला पात्यावरचे झाकण नाही, आणि कापलेले लाकूड पात्याला चिमटू नये म्हणून पात्यामागे जी पट्टी असावयास हवी तीही नाही. बारा-तेरा हजार फेरे मिनिटाला घेणाऱ्या त्या ११० मिलिमीटरच्या पात्याची धार ताशी सुमारे २५० ते २७० किलोमीटर वेगाने धावत असते. खटका दाबून अडकवून ठेवलेला असतो. मध्येच वीज गेली आणि कारागीर पाते साफ करावयास वाकला असता ती परत आली, तर यंत्र आपोआप सुरू होते. बोटे गमावलेले सुतार या धंद्यात विरळा नाहीत, हे धंद्यातील कोणीही माणूस सांगेल.

कायद्याने काय केले, हा प्रश्न येथे साहजिक उपस्थित होतो. हिंदुस्थानात कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ साली झाला, पण तो शंभर वा अधिक मजूर असलेल्या कारखान्यांपुरता होता. १९४८ च्या कायद्याने यंत्रांना कुंपण घालणे आणि डोळ्यांचे रक्षण करणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले. तथापि यंत्रशक्ती वापरणाऱ्या ठिकाणी किमान दहा माणसे कामास असल्याखेरीज तो लागू होत नसे, आणि चार सुतारांचा गाळा त्या उंबरठ्याच्या बाहेरच राहिला. १९६६ च्या ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, आणि पुढे दरवर्षी त्या तारखेला मोठ्या कारखान्यांत सुरक्षिततेची शपथ घेण्याची वहिवाट पडली. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला, पण त्यानेही एखाद्याच्या स्वतःच्या राहत्या घराचे दहा लाख रुपयांपर्यंतचे काम वगळले. परिणाम असा, की ज्या सदनिकेत बैठकीच्या खोलीतच कटर लावून सुतार महिनाभर फर्निचर करतो, ती सदनिका निरीक्षकाच्या नजरेपासून कायम दूर राहिली. कायदा करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणत नाही. मात्र ज्याला संरक्षणाची सर्वांत अधिक गरज होती तोच नेमका निसटावा, ही या इतिहासातील मोठी उणीव आहे.

अशा अवस्थेत बॅटरीवरचे यंत्र आले. ब्लॅक अँड डेकरने निकेल-कॅडमियम घटांवर चालणारे ड्रिल १९६१ साली बाजारात आणले. १९७१ साली अपोलो १५ च्या अंतराळवीरांनी चंद्रभूमीत बॅटरीवरच्या ड्रिलने भोके पाडली. तेथेही खोदणी मध्येच अडून बसली आणि ती उपसून काढताना स्कॉट व आयर्विन यांना मोठी खटपट पडली. जपानच्या माकिताने १९६९ मध्ये बॅटरीचे आणि १९७८ मध्ये पुन्हा चार्ज होणाऱ्या बॅटरीचे ड्रिल काढले. पण खरी क्रांती लिथियम-आयन घटाने केली. सोनीने तो १९९१ साली विक्रीस आणला, २००५ च्या सुमारास तो हातयंत्रांत शिरला, आणि त्याच्या जनकांना, गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना, २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आज काशीमीऱ्यात सुतार, फॅब्रिकेटर किंवा छताच्या जिप्समचे काम करणारा कारागीर दुचाकीवरून उतरतो तो पाठीवरच्या पिशवीत ‘बॅटरीवाली मशीन’ घेऊनच.

या यंत्राने केलेला उपकार प्रथम कबूल केला पाहिजे. पाच घटांच्या १८ व्होल्टच्या बॅटरीने माणसाला विजेचा धक्का बसत नाही. काडीने खुपसलेली वायर, पाण्यातला जोड, पायात अडकून शिडीवरून पाडणारी दोरी, हे सारे एका फटक्यात गेले. ओल्या भिंतींच्या पावसाळी मुंबईत याचे मोल फार आहे. परंतु वायरीबरोबर एक खूणही गेली. पूर्वी पाते बदलावयाचे झाले की सॉकेटातून वायर ओढली जाई, आणि जमिनीवर मोकळी पडलेली ती वायर पाहून यंत्र मेले आहे हे शेजारच्या पोरालाही कळे. बॅटरीचे यंत्र सदैव जिवंत असते. ते पिशवीत असता, मांडीवर असता, मालकाच्या मुलाच्या हाती गेले असताही जिवंतच असते, आणि १८ हा आकडा लहान म्हणून त्याला खेळणे समजण्याची चूक अनुभवी माणसेही करतात.

म्हणून या युगाचा पहिला नियम असा, की बिट किंवा पाते बदलताना, यंत्र साफ करताना आणि ते पिशवीत ठेवताना बॅटरी काढलीच पाहिजे. ती बाजूस, नजरेसमोर ठेवावी. दुसरी गोष्ट झटक्याची. आजच्या मध्यम प्रतीच्या ड्रिलची पिळण्याची ताकद ५० न्यूटन-मीटरपर्यंत जाते; बिट सळईत अडकले की तीच ताकद उलट मनगटावर येते, म्हणजे अक्षापासून २० सेंटीमीटरवर धरलेल्या हातावर सुमारे २५ किलोचा हिसका बसतो, आणि शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला तो खाली आणावयास पुरेसा आहे. बाजूची मूठ याचसाठी दिलेली असते; ती खोक्यातच राहून जाते. लाकूड वा पत्रा पायाने किंवा हाताने न धरता क्लॅम्पने आवळावा. पायाखाली दाबण्याची परंपरा वाकसाच्या काळी शोभली, कारण तेव्हा हात थांबला की हत्यार थांबत होते. फिरते पाते मात्र खटका सोडल्यावरही क्षणभर फिरत राहते. ड्रिल चालविताना सैल हातमोजे, गळ्यातला गमछा, लोंबती बाही नको. ग्राइंडरचे झाकण काढू नये आणि त्याला लाकडाचे दातेरी पाते तर कदापि लावू नये. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर चांगला मास्क हवा, कारण लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच जाहीर केले आहे.

घटाचा धोका निराळा आहे. १८ व्होल्टची बॅटरी अंगाला झटका देत नसली, तरी तिची दोन टोके पिशवीतल्या खिळ्या-स्क्रूंनी एकमेकांस जोडली गेली तर खिळा लाल होतो आणि बॅटरी पेट घेऊ शकते. तेव्हा टोके टोपीने झाकून तिला निराळ्या कप्प्यात ठेवावे. चार्जर त्याच कंपनीचा असावा. स्वस्त नकली बॅटरीत घटांवर देखरेख करणारे सर्किट पुष्कळदा नसते किंवा कामचलाऊ असते. उन्हात तापलेली बॅटरी निवल्याशिवाय चार्जिंगला लावू नये, फुगलेली किंवा उंचावरून पडून तडकलेली वापरू नये, आणि कुलूपबंद गाळ्यात प्लायच्या चळतीशेजारी ती रात्रभर चार्जिंगला ठेवून घरी जाऊ नये. निकामी झालेली बॅटरी भंगारवाल्याला देणे किंवा कचऱ्यात टाकणे हा कचरागाडीला आग लावण्याचाच प्रकार आहे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, म्हणून ती विक्रेत्याकडेच परत करावी.

आश्विन शुद्ध नवमीला, खंडेनवमीस, सुतार आपली हत्यारे धुऊन, पुसून, हळदकुंकू-फुले वाहून एका ओळीत मांडतात. या प्रथेत श्रद्धेबरोबर व्यवहारही होता: वर्षातून एकदा तरी प्रत्येक दांडा हलविला जाई, प्रत्येक धार पाहिली जाई. आता त्या ओळीत वाकसाशेजारी ड्रिल आणि चार्जरही मांडला जातो, तेव्हा त्याचे झाकण, मूठ, बॅटरीचे टोक, तडा गेलेले पाते यांचीही त्याच दिवशी पाहणी व्हावी, आणि जे मोडके असेल ते पूजेनंतर पुन्हा पेटीत जाऊ नये. २०२३ साली सुरू झालेल्या केंद्राच्या विश्वकर्मा योजनेत सुतारालाही १५,००० रुपयांची अवजारांची मदत आणि पाच-सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण आहे. त्या प्रशिक्षणाचा पहिला तास बॅटरी काढण्यास आणि क्लॅम्प आवळण्यास दिला, तर बापाच्या समोर बसून मिळणाऱ्या शिक्षणाची थोडी तरी भरपाई होईल.

आणि जे वाचक येत्या दिवाळीपूर्वी घरात फर्निचर करवून घेणार असतील, त्यांना एक विनंती आहे. तुमच्या सदनिकेत कोणी निरीक्षक येणार नाही. तेव्हा ठेकेदाराशी दर ठरविताना क्लॅम्प, चष्मे, मास्क आणि लाकडासाठीच बनविलेले झाकणाचे करवत-यंत्र यांचा खर्च हिशेबात धरा, सुताराला लक्ष्मीपूजनाची मुदत घालून त्याच्यामागे तगादा लावू नका, आणि संध्याकाळी काम थांबले की यंत्रातून बॅटरी काढली आहे ना, हे स्वतः पाहून घ्या.