पुण्याचा हातकागद आणि पुस्तकाची बांधणी

पुण्याच्या कसबा पेठेत कागद करणाऱ्यांची वस्ती होती. त्यावरूनच तिथल्या भागाला कागदीपुरा म्हणतात. मराठी दफ्तरांत जुन्नरी आणि दौलताबादी कागद विशेष नावाजलेला होता. हा धंदा मुख्यतः मुसलमान कागदी कारागिरांच्या हाती होता. जुने गोणपाट आणि दोर कुटून, चुन्यात मुरवून, धुऊन लगदा करायचा आणि तो हौदातून साच्यावर उचलायचा. ओले ताव भिंतीला चिकटवून वाळवत, मग खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत. खरे कसब या खळीत आणि घोटाईत होते, कारण कच्च्या कागदावर बोरूची शाई फुटते.

असा ताठ कागद शिवण्याची गरज पडत नसे. पोथीची आडवी पाने सुटीच राहत. वर-खाली लाकडी फळ्या आणि भोवती कापड. दफ्तराचे कागद रुमालात बांधत, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोजदाद आजही रुमालांनीच होते. पोथी मांडून वाचायला सोयीची खरी, पण एक पान गहाळ झाले की ती खंडित.

छपाईनेही आधी पोथीचेच रूप घेतले. नाना फडणिसांच्या काळात पुण्यात एका तांबटाकडून तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरून गीता छापण्याचा घाट घातला गेला. नानांच्या मृत्यूनंतर ते काम मिरजेत पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ मध्ये पुरे झाले. पुढे शिवलेले पुस्तक रुळले, गिरणीचा स्वस्त कागद आला आणि कागदी कारागिरांचा धंदा बसला.

गांधीजींच्या ग्रामोद्योग चळवळीतून तो पुन्हा उभा राहिला. के. बी. जोशी यांच्या प्रयत्नांतून १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. शिवाजीनगरच्या या संस्थेत सुती चिंध्यांपासून कागद होऊ लागला. चिंधीचा तंतू लांब, म्हणून कागद चिवट आणि टिकाऊ.

हाताने पुस्तक बांधणाऱ्याने आधी कागद दुमडून पाहावा. गिरणीच्या कागदाचे तंतू एका दिशेने धावतात. घडी त्या दिशेने, म्हणजे पुस्तकाच्या पाठीला समांतर घातली नाही, तर पाने फुगतात आणि पुस्तक नीट उघडत नाही. हातकागदात ही दिशा फारशी नसते, पण तो जाड असतो. म्हणून जुज, म्हणजे एकात एक दुमडलेल्या तावांचा संच, दोन-तीन तावांचाच ठेवावा; जास्त घेतले तर आतली पाने बाहेर सरकतात. एकाच जुजाची पुस्तिका असेल, तर घडीवर तीन भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवणे पुरते. जास्त जुज असले की ते एकमेकांना गुंफून शिवायचे, पाठीला कापडाची पट्टी लावायची आणि मग पुठ्ठा चढवायचा. खळीत मोरचूद घालायची चाल आहे. त्याने कसर लागत नाही. खिळ्यांच्या छपाईला हातकागद किंचित दमट करून घेतला तर अक्षर स्वच्छ उमटते. तावाच्या खडबडीत कडा मात्र कापू नयेत, हातकागदाची ओळख त्यांतच आहे.

पुण्याच्या हातकागदाची सर्वांत मोठी कामगिरी भारताच्या संविधानाची हस्तलिखित हिंदी प्रत. वसंत कृष्ण वैद्य यांनी ती पुण्यात तयार झालेल्या हातकागदावर लिहिली. तिची पाने २६४ आणि वजन १४ किलो आहे.