तारेने मोजलेला ताप

बिलोली परिसरात मांजरेकाठी उन्हाळ्यात पंपाची मोटर जळणे नवलाचे नाही. मोटर जळते तेव्हा आधी निकामी होते ते तांब्याच्या तारेवरचे विद्युतरोधक आवरण. तापमान दर दहा अंशांनी वाढले, की त्याचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होते. म्हणून मोठ्या मोटरींच्या गुंडाळ्यांतच तापमापक बसवतात. शेतावरच्या लहान मोटरीत तो सहसा नसतो. तेथे जादा प्रवाह ओळखणाऱ्या रिलेवर भागवतात. या तापमापकाचा इतिहास आपण पाहू.

धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो, हे हम्फ्री डेव्ही यांनी १८२१ मध्ये दाखवले. विल्यम सीमेन्स यांनी त्याचा उपयोग केला. १८६० च्या सुमारास समुद्राखाली टाकायची तारायंत्राची केबल जहाजावर गुंडाळून ठेवलेली असे. ती आतून तापते की काय, हे पाहायचे होते. पण वेटोळ्यांच्या पोटातला पाऱ्याचा तापमापक वाचणार कसा? सीमेन्स यांनी तेथे तारेची गुंडाळी ठेवली आणि बाहेरून तिचा रोध मोजला. १८७१ मध्ये त्यांनी प्लॅटिनमचा तापमापक मांडला. मात्र तो खूप तापवल्यावर त्याचा मूळ रोध बदलत असे. ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ मध्ये शुद्ध प्लॅटिनमची तार अभ्रकावर गुंडाळून हा दोष बराच दूर केला.

एक अडचण उरली. जोडतारांनाही रोध असतोच! आजच्या प्रचलित मापकाचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असून तो दर अंशाला सुमारे ०.३८५ ओहमने वाढतो. जोडतारांचे दोन ओहम मिळाले, की पाच अंश जास्त दिसतात. मोटर विनाकारण बंद पडते, कंटाळून कोणीतरी रिले वगळतो आणि पुढे खरोखरच मोटर जळते. कॅलेंडर यांनी तेवढ्याच लांबीच्या तारांची दुसरी जोडी शेजारून नेऊन ही चूक वजा केली. आज तिसरी तार तेच काम करते. मात्र तिन्ही तारा सारख्या लांबीच्या व जाडीच्या हव्यात. तारांवरच्या धातूच्या जाळीचे अर्थिंग एकाच टोकाला, सहसा पॅनेलजवळ, करतात. दोन्ही टोके जमिनीला जोडली, तर दोन ठिकाणच्या विभवांतील फरकामुळे जाळीतून प्रवाह वाहून मापन बिघडू शकते. मोटरीच्या सांगाड्याचे अर्थिंग मात्र कधीही टाळू नये.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. १०० वॅटचा तारेचा दिवा होल्डरमधून काढून मल्टिमीटरने त्याचा रोध मोजा; तो चाळीस ओहमच्या आसपास भरेल. २३० व्होल्टवर पेटलेल्या दिव्याचा रोध गणिताने ५२९ ओहम येतो. हा फरक कशामुळे, ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या.