दिवसा राम, रात्री कृष्ण आणि वाघाच्या तोंडाचा राक्षस

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी, कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये, आम्ही पाच जण पाऊण तास एका राक्षसाच्या तोंडावरून भांडलो. चहा गार झाला, भज्यांचं तेल कागदावर उतरलं, पण कोणी माघार घेईना.

खेळ होता ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात पट असलाच पाहिजे असं नाही. एक जण सूत्रधार असतो, तो गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. तुम्ही काय करता ते तोंडानं सांगायचं. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा आणि नियमांचं पुस्तक मिळून ठरवतात. आणि पुस्तकात नसलेलं काही निघालं, की सूत्रधार ठरवतो.

त्या दिवशी सूत्रधारानं आमच्यासमोर राक्षस उभा केला. पुस्तकात तो दिसतो तसाच: धड माणसाचं, अंगावर उंची कपडे, डोकं वाघाचं आणि हात उलटे, म्हणजे तळहाताच्या जागी हाताची पाठ. आमच्यातली एक मुलगी संस्कृत घेऊन एम.ए. करते. ती म्हणाली, “हा राक्षस नाही. रावणाला वाघाचं तोंड होतं का? बिभीषणाला होतं?” सूत्रधार म्हणाला, “पुस्तकात चित्र आहे.” ती म्हणाली, “चित्र म्हणजे नियम नव्हे.” आणि मग जुंपली.

हे भांडण मला महत्त्वाचं वाटलं, म्हणून घरी आल्यावर मी त्या राक्षसाचा माग काढत बसलो.

हा खेळ जानेवारी १९७४ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातून बाहेर पडला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. तीन पातळ पुस्तिका, एक तपकिरी खोका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. चित्रं हौशी पोरांनी काढलेली. त्यातली काही तर मार्व्हल कॉमिक्समधल्या चित्रांवरून सरळ गिरवलेली होती. नियमही तसेच अर्धेमुर्धे. लढाईसाठी ‘चेनमेल’ नावाचा दुसराच खेळ जवळ असावा असं गृहीत धरलेलं, आणि रानावनातल्या भटकंतीसाठी तिसऱ्याच एका कंपनीच्या खेळाचा नकाशा वापरा, अशी सूचना.

आज कोणी असा अर्धवट माल विकला तर लोक पैसे परत मागतील. पण झालं उलटं. नियमांत भोकं होती म्हणून लोक ती बुजवायला बसले, आणि प्रत्येकानं आपापल्या ठिगळानं बुजवली. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईंनी ‘अलारम्स अँड एक्स्कर्शन्स’ नावाचं चक्रमुद्रित नियतकालिक सुरू केलं. खेळणारे आपापली पानं पाठवायचे, बाई ती एकत्र बांधून सगळ्यांना धाडायच्या. आमच्याकडे जादू अशी चालते, तुमच्याकडची पद्धत अन्याय्य आहे, तुमचा सूत्रधार फार उदार आहे, अशी ती चर्चा. हे नियतकालिक पुढं कित्येक दशकं चाललं. सुरुवातीला गायगॅक्सही म्हणत की पटत नसेल ते बदला. मग १९७७ ते १९७९ या काळात खेळाची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आवृत्ती तीन जाडजूड पुस्तकांत आली, तेव्हा त्यांचा सूर बदलला: सगळीकडे एकच खेळ हवा, तर नियमही एकच हवेत.

खरं तर हे भांडण त्यांच्याही आधीचं. प्रशियाच्या सैन्यात नकाशावर लढाई खेळायचा ‘क्रीगस्पील’ नावाचा प्रकार होता. राइसविट्झ या अधिकाऱ्यानं १८२४ मध्ये त्याचे नियम छापले, फासे आणि कोष्टकांसकट. पुढं कोष्टकं इतकी माजली की खेळणाऱ्यांपेक्षा पंचच घामाघूम व्हायचा. १८७६ मध्ये व्हर्डी दु व्हर्नुआ या दुसऱ्या अधिकाऱ्यानं सुचवलं, कोष्टकं फेका, अनुभवी पंच सांगेल तो निकाल. नियम मोठा की पंच मोठा, हा प्रश्न कोथरूडच्या त्या फ्लॅटमध्ये पोचायला दीडशे वर्षं लागली, एवढंच.

आता राक्षस. डिसेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत ‘कोलचॅक’ नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग दाखवला गेला. शिकागोत एक राक्षस माणसं खातोय. ज्याला खायचं त्याच्या सर्वांत विश्वासातल्या माणसाचं रूप तो घेतो. एक म्हातारा हिंदू गृहस्थ त्याच्या मागावर आहे, आणि राक्षस मरतो तो मंत्रून दिलेल्या आडव्या धनुष्याच्या बाणानं. वर्षभरात, डिसेंबर १९७५ मध्ये, गायगॅक्स यांच्या कंपनीच्या नियतकालिकात राक्षस हा प्राणी खेळात दाखल झाला. तो भ्रम निर्माण करतो, विश्वासातलं रूप घेतो, आणि मंत्रलेल्या बाणानं मरतो. वाल्मीकींशी त्याचं नातं किती आणि शिकागोशी किती, हे वेगळं सांगायला नको.

त्यात वाघ नव्हता. वाघ आला १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये, डेव्हिड ट्रॅम्पियर या चित्रकाराच्या लेखणीतून. त्यानं वाघाच्या डोक्याचा, घरगुती कोट घातलेला, हातात चिलीम घेतलेला ऐटबाज राक्षस काढला. चित्र इतकं देखणं होतं की लोकांच्या डोक्यातून जाईना. त्यातला हात जरा विचित्र वळलेला वाटत होता. चित्रकाराचा हेतू की हाताची चूक, यावर खेळणाऱ्यांत काथ्याकूट झाला. पुढच्या आवृत्त्यांत मात्र ते मजकुरातच आलं: राक्षसाचे तळहात उलटे असतात. म्हणजे चित्राचा नियम झाला. आमची संस्कृतवाली म्हणत होती ते तत्त्व म्हणून बरोबर, इतिहास म्हणून चूक.

हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आपल्या राक्षसाचा निकाल त्यांनी टीव्ही बघून लावला.” तिचा राग मला कळतो. १९८० मध्ये याच कंपनीच्या देवदेवतांच्या पुस्तकात इंद्र, अग्नी, रुद्र, काली यांना ‘हिट पॉइंट्स’ दिलेले आहेत. किती घाव घातले की देव मरतो, त्याचा हिशेब. पण मला त्या रागात भर घालता येईना. कारण आमच्याच घरी एक पत्र्याचा डबा आहे.

त्या डब्यात गंजिफा आहे. माझ्या पणजीचं माहेर सावंतवाडीकडचं, तिच्याबरोबर आलेली. हातानं रंगवलेली गोल पानं, लाखेची चकाकी अजून शाबूत. दशावतारी गंजिफेची पूर्ण जोडी १२० पानांची: दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. आमच्या डब्यात ११३ पानं उरली आहेत. लहानपणी आम्हाला त्यांना हात लावायची परवानगी नव्हती, कारण ती ‘कला’ होती.

गंजिफा आपल्याकडे बाहेरूनच आली. बाबरानं १५२७ मध्ये सिंधकडच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलनं बारा रंगांच्या जुन्या जोडीचं वर्णन केलंय: अश्वपती, गजपती, नरपती, गढपती अशी सुरुवात, आणि शेवटाकडे सुरपती, असुरपती, वनपती, अहिपती. असुरपतीच्या जागी चक्क दाऊदचा मुलगा सुलेमान सिंहासनावर, हाताखालच्या पानांवर जिन्न. ‘शेर’ आहे तो पुढच्या रंगात, वनपतीच्या. म्हणजे सोळाव्या शतकातच कोणीतरी आपल्या असुरांचा राजा बायबल-कुराणातल्या सुलेमानाला केला होता, आणि अबुल फजलला त्यात काही वावगं वाटलेलं दिसत नाही. अकबराला मात्र राहवलं नाही. त्यानं पानंच बदलली. त्याच्या धनपतीच्या हाताखाली सोनार आणि टांकसाळीतले कारागीर आले, दुसऱ्या एका रंगात कागद बनवणारे आणि कारकून आले. देव-असुर-नागांच्या खेळाचा त्यानं कारभाराचा खेळ केला. ‘माझ्या घरी असं खेळतात’ म्हणणारा पहिला बडा सूत्रधार म्हणायला हरकत नाही.

दशावतारी गंजिफेतही चित्रं गावोगाव बदलली. ओडिशात नवव्या अवताराच्या जागी जगन्नाथ येतो. आपल्याकडे जुन्या दशावतारांच्या चित्रांत बुद्धाच्या जागी विठ्ठल उभा असतो; रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल: एक महासमन्वय’मध्ये या नात्याचा उलगडा केला आहे. पण नववा कोणीही असो, खेळ अडत नव्हता. हुकूम नाही, ज्या रंगाची उतारी त्या रंगाचं पान टाकायचं, मोठं पान डाव नेतं. पाच रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, उरलेल्या पाचांत बरोबर उलट. सुरुवात कोणी करायची? दिवसा खेळ असेल तर ज्याच्याकडे राम, रात्री असेल तर ज्याच्याकडे कृष्ण.

हा शेवटचा नियम मला पुस्तकात वाचायच्या आधी माहीत होता, कारण माझ्या आत्याला तेवढा एकच आठवतो. तिनं लहानपणी आजीला खेळताना पाहिलंय. “फार भांडायच्या गं बाई त्या,” ती म्हणते, “पण कशावरून ते नाही आठवत.”

मला चटका लावून गेलं ते हे वाक्य. सावंतवाडीत १९७० च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही कला पुन्हा उभी केली, तेव्हा ती जाणणारे पुंडलिक चितारी वृद्ध झाले होते. राणीसाहेब स्वतः शिकल्या, राजवाड्यात कलाकार बसवले. मुंबईचे कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरातल्या गंजिफा जमवल्या. १९८२ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात प्रदर्शन झालं, ग्रंथ निघाला. या माणसांमुळे पानं वाचली, आणि ढोबळ नियमही छापून राहिले. पण आज गंजिफा विकत घेणारे बहुतेक जण ती भिंतीवर लावतात. चित्र जगलं, आणि चित्राभोवतीचं भांडण मेलं.

पुण्याला खरं तर नियम लिहून ठेवायची जुनी हौस. इथल्या छावणीतले गोरे अधिकारी बॅडमिंटन खेळायचे, तेव्हा त्या खेळाला ‘पूना’ असंच म्हणत, आणि त्याचे सुरुवातीचे नियम १८७३ च्या सुमारास इथेच बांधले गेले असं सांगतात. खो-खोचे पहिले नियम १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्यानं केले. मैदानी खेळांना समित्या मिळाल्या, शिट्टी आणि घड्याळ मिळालं. बायकांच्या दुपारच्या खेळाला वही मिळाली नाही. माझ्या आजीचा घरगुती नियम कोणता, कुठल्या पानावरून त्या दोघी जावा अबोला धरायच्या, हे कोणी लिहून ठेवावंसं त्यांनाही वाटलं नसणार.

आणि लेक जिनिव्हाच्या त्या खेळाचं? चित्रं गिरवलेली, राक्षस उसना, नियम भोकांनी भरलेले. पण पहिल्या वर्षापासून भांडणारी माणसं आपापलं भांडण लिहून एकमेकांना पाठवत राहिली. म्हणून पन्नास वर्षांनी पुण्यातली एक मुलगी त्यात हात घालून म्हणू शकते की तुमचा राक्षस चुकलाय. गंजिफेबद्दल असं म्हणायला आज समोर कोणी बसलेलंच नाही.

पुढच्या रविवारी मी डबा घेऊन कोथरूडला गेलो. आत्याला सांगून गेलो, ती म्हणाली, “पानं ओली करू नका, आणि भजी खाऊन हात धुवा.” हरवलेल्या सात पानांच्या जागी पुठ्ठ्याचे गोल कापून त्यावर पेनानं लिहिलं. तिघं खेळायला बसले, दोघं नियमांचा कागद घेऊन मागे. पानं वाटून होईपर्यंत पावणेसात झाले होते. पाऊस थांबला होता, खाली सोसायटीचे दिवे लागले होते, पण आभाळात अजून उजेड होता.

“राम कोणाकडे?” एकानं विचारलं.

“राम कशाला? रात्र झाली की.”

“सूर्य कुठं मावळलाय अजून?”

“ढगांमुळे दिसत नाहीये. मावळलाय.”

संस्कृतवाली म्हणाली, “दिवस नाही आणि रात्रही नाही, मग ही वेळ नरसिंहाची. हिरण्यकशिपूचा नियम. नरसिंह ज्याच्याकडे त्यानं उतारी करायची.” सूत्रधार म्हणाला, “हे कागदावर नाही.” ती म्हणाली, “नसू दे.”

मी आत्याला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “अरे, यावरूनच भांडायच्या वाटतं त्या. दिवेलागणीला.” आणि हसायला लागली. आजी कोणाची बाजू घ्यायची, ते मात्र तिला आठवेना.

त्या संध्याकाळी आम्ही नरसिंहानं सुरुवात केली. मत तीन विरुद्ध दोन पडलं. मी वही काढली, तारीख घातली, आणि खाली दोघांचा विरोधही लिहून ठेवला.