कणगीचा तळ

खेड्यातील वर्ष म्हटले की आम्हां शहरात राहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हिरवी शेते, बैलांच्या घुंगुरमाळा आणि हुरड्याची शेकोटी उभी राहते. हे चित्र खोटे नव्हे. परंतु ते अपुरे आहे. दख्खनच्या पठारावरील शेतकरी कुटुंबाचे शंभर-दीडशे वर्षांमागचे जीवन समजून घ्यावयाचे, तर बांधावर उभे राहून भागत नाही. घरात शिरून कणगीत डोकवावे लागते. नवे धान्य दाराशी येईपर्यंत जुने पुरेल काय, हाच प्रश्न त्या घरात बाराही महिने निरनिराळ्या रूपांनी विचारला जात होता.

पुणे, सोलापूर, नगरकडील कोरडवाहू मुलखात मुख्य भरवसा रब्बीच्या ज्वारीवर. हस्ताचा पाऊस बरा झाला म्हणजे पेरणी साधे आणि थंडी ओसरताना पीक खळ्यावर येई. तिवड्याभोवती बैल फिरत, वाऱ्याच्या दिशेने उफणणी होई. पण रास घरी जाण्यापूर्वीच तिला वाटे फुटत. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट ही बलुतेदार मंडळी वर्षाच्या कामाचा मोबदला खळ्यावरच घेत. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गावगाड्या’त या देण्याघेण्याचे बारीक वर्णन आहे आणि त्यातील दोषांवर कठोर टीकाही आहे. उरलेले धान्य कणगीत किंवा पेवात पडे.

पाडव्याला सालगड्याचे साल बदले. वैशाखात शेत मोकळे. परंतु घर मोकळे नसे. लग्नकार्ये, पापड-कुरडया, पावसाळ्यासाठी गोवऱ्या रचून ठेवणे, ही कामे बायकांच्या अंगावर असत. रोहिणी सरून मृग लागला की बियाणे काढावे लागे, म्हणजे खाण्याच्या धान्यातूनच आणखी एक वाटा जाई. मग श्रावण-भाद्रपद येत. रान हिरवेगार आणि घर रिते, असे हे दिवस. नेमके याच दिवसांत नागपंचमीला माहेरवाशिणी येत, पोळा येई, गौरी येत. टाकळा, कुरडू, तांदुळजा यांच्या भाजीवर भाकरीची तूट भरून निघे. सण गोड करावयाचा आणि कणगीचा तळ कोणास दिसू द्यावयाचा नाही, ही कसरत घरच्या कारभारणीची. पहाटे जात्यावर बसणारी तीच आणि सर्वांच्या मागून जेवणारीही तीच. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांनी १९८०च्या दशकापासून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. दप्तरात जिचे नाव नाही, तिचा इतिहास असा तिच्याच तोंडून आम्हांस मिळाला.

आता असे म्हणता येईल की, हे सारे पावसाचे खेळ. त्यात इतिहास तो कोणता? आमचे म्हणणे असे की, कणगी केवळ आभाळामुळे रिकामी होत नव्हती. १८३६ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नवी जमीनधारा लागू केली. सारा रोख द्यावयाचा आणि ठरल्या मुदतीस द्यावयाचा. सुगीत भाव पडलेला असताना धान्य विकावे लागे आणि पुढे तेच सावकाराकडून चढ्या भावाने आणावे लागे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाला भाव चढला, त्याबरोबर कर्जही वाढले. भाव उतरले, कर्ज मात्र उतरले नाही.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. त्याच साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, हे अशा व्यासपीठावरून बोलताना आम्हांस विसरता येत नाही. १८७६ साली पाऊस फसला आणि दोन वर्षांच्या दुष्काळाने दख्खन होरपळले. शेतकऱ्यांस दिलासा देणारा कायदा १८७९ साली झाला. तोवर पुष्कळ कणग्या कायमच्या रित्या झाल्या होत्या.

पुढे चित्र पालटले. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, १९५०च्या दशकाच्या अखेरीस कनिष्ठ गावकामगारांची वतने कायद्याने गेली, १९६०नंतर संकरित ज्वारी आली. १९७२च्या दुष्काळात माणसे रोजगाराच्या कामांवर खडी फोडून जगली, त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. उपाशी घराला काम मागण्याचा हक्क आहे, हे मान्य होण्यास सुप्याच्या उठावापासून शंभर वर्षे लागली.

आपल्यापैकी पुष्कळांची आजी-पणजी अशाच एखाद्या घरातली असेल. तिच्या सणांच्या आठवणी आपण हौसेने सांगतो. त्या सणांच्या आदल्या दिवशी तिने कणगीत हात घातला तेव्हा हाताला काय लागले, हेही घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे, एवढीच विनंती.