पुसलेल्या रेघा

बीबी का मकबरा म्हटलं की लोकांचं पहिलं वाक्य ताजमहालाबद्दल असतं. नक्कल, गरिबांचा ताज, संगमरवर पुरला नाही म्हणून वर गिलावा.. ऐकून ऐकून आमच्याकडच्या लोकांचे कान किटलेत. गंगापूरहून वाळूजमार्गे तासाभरात पोचता येतं, त्यामुळे पाहुणे आले की मकबरा ठरलेला आणि मकबऱ्यात शिरताना हे वाक्यही ठरलेलं. ज्या दारातून आपण आत जातो त्या दारावरच्या लेखाकडे मात्र कुणी बघत नाही. त्यात दोन नावं आहेत. आराखडा करणारा अताउल्ला आणि बांधकाम पाहणारा हंसपत राय. साल १६६०-६१.

अताउल्ला कोण? ताजमहालाचे मुख्य वास्तुकार मानले जातात त्या उस्ताद अहमद लाहोरींचा मुलगा. इथपर्यंत बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण मकबऱ्याच्या पंचवीसेक वर्षं आधी, १६३४-३५ मध्ये, याच अताउल्लाने भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथाचं फारसीत भाषांतर करून ते शहाजहानला अर्पण केलं होतं. पुढे १८१३ मध्ये एडवर्ड स्ट्रेचीने हा ग्रंथ इंग्रजीत आणला तो संस्कृतवरून नव्हे, अताउल्लाच्या फारसीवरून. म्हणजे ज्याला आपण नक्कल करणारा पोरगा म्हणून सोडून देतो तो गणिती होता, आणि आपल्या भागातलाच ग्रंथ त्याच्या हाताखालून गेला होता. आपल्या भागातला म्हणजे अगदी शेजारचा. कन्नडचा घाट उतरून चाळीसगावच्या बाजूला पाटण्याला गेलात तर तिथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख आहे, १२०७ सालचा. भाऊ दाजी लाडांनी तो एकोणिसाव्या शतकात प्रकाशात आणला.

आता हे सगळं आज का सांगतोय? तर गेले काही महिने मी 'जनरेटिव्ह आर्ट' नावाचा उद्योग शिकतोय. घरच्यांच्या भाषेत, कॉम्प्युटरवर रेघोट्या मारतोय. त्यात चित्रकार चित्र काढत नाही, चित्र कसं काढायचं याचा नियम लिहितो, आणि ते काढायचं काम दुसऱ्यावर सोपवतो. दुसरा म्हणजे बहुतेक वेळा यंत्र. असा पायरीपायरीने लिहिलेला नियम म्हणजे अल्गोरिदम. हा शब्द नवव्या शतकातल्या बगदादच्या अल-ख्वारिझ्मीच्या नावावरून आला, आणि ज्या पुस्तकामुळे ते नाव युरोपात गेलं ते होतं हिंदुस्थानी अंकांनी हिशेब कसा करावा याबद्दल. हे शिकताना मी परत परत मकबऱ्याच्या दारापाशी येऊन पोचतो. कसा, ते सांगतो.

'बीजगणिता'त चक्रवाल नावाची रीत आहे. ती भास्कराचार्यांच्या आधीपासूनची, पण त्यांनी ती नीट मांडून दाखवली. एका संख्येचा वर्ग घ्या, त्याला ६१ ने गुणा, १ मिळवा, आणि उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग आलं पाहिजे. अशी संख्या शोधा. अंदाजाने शोधायला बसलात तर जन्म जाईल. चक्रवालात एक अंदाज धरून सुरुवात करायची, त्यातून ठरलेल्या नियमाने नवे आकडे काढायचे, ते आकडे परत त्याच नियमात घालायचे, असं चाक फिरवत राहायचं. उत्तर येतं २२,६१,५३,९८०. यापेक्षा लहान उत्तर नाही. (कॅल्क्युलेटर घेऊन बसू नका, आकडे त्यावर मावत नाहीत!) १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने युरोपातल्या गणित्यांपुढे आव्हान म्हणून ठेवलेल्या संख्यांत हीच ६१ होती. त्याच वर्षी इकडे औरंगाबादला दिलरस बानू बेगम वारली, जिच्यासाठी मकबरा बांधला. योगायोगच, पण मला आवडलेला. सांगायचा मुद्दा, एक नियम घेऊन तो पुन्हा पुन्हा फिरवायचा ही कल्पना अताउल्लाच्या चांगल्या ओळखीची होती.

मकबऱ्यात खाली थडग्याभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. मुघल इमारतींत भूमितीच्या जाळ्या जागोजागी दिसतात; तारे, षटकोन, अष्टकोन एकमेकांत गुंतलेले. बघताना वाटतं की कारागिराने एकेक तारा मोजून शेजारी शेजारी बसवला असेल. तसं नाही, हे ज्याने शोधून काढलं तो माणूस मोठा गमतीचा. अर्नेस्ट हॅनबरी हँकिन, आग्र्याला नोकरी करणारा इंग्रज जंतुशास्त्रज्ञ. गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मरतात असं १८९६ मध्ये छापणारा तो हाच. पाण्याच्या तपासण्यांतून वेळ काढून हा गृहस्थ जुन्या इमारती बघत फिरे. फत्तेपूर सिक्रीच्या एका हमामात त्याला नक्षीखालच्या गिलाव्यावर पुसट ओरखडे दिसले. नक्षीशी त्या रेघा जुळत नव्हत्या. ते होते साधे बहुकोन, एकाला एक चिकटलेले. कारागिराने आधी हे बहुकोन आखले, त्यांच्या आधाराने नक्षी काढली आणि मग आधार पुसून टाकला. एका ठिकाणी तो पुरता पुसला गेला नाही, एवढंच! हँकिनने हे १९०५ मध्ये लिहिलं, आणि १९२५ मध्ये पुरातत्त्व खात्याने त्याची सविस्तर पुस्तिका छापली.

रीत इतकी सोपी आहे की वहीच्या पानावर करून बघता येईल. मधमाशीच्या पोळ्यासारखे षटकोन काढा. प्रत्येक बाजूच्या मध्यबिंदूतून आत दोन रेघा सोडा, एक डावीकडे झुकलेली, एक उजवीकडे. बाजूशी दोघींचा कोन सारखा. शेजारच्या बाजूवरून आलेली रेघ भेटली की थांबा. सगळ्या षटकोनांत हे झालं की मूळचे षटकोन खोडून टाका. बस्स.

सगळी मजा त्या कोनात आहे. ६० अंश ठेवलात तर सहा टोकांचे तारे येतात, आणि ताऱ्यांच्या मधल्या फटीत आपोआप नवे षटकोन तयार होतात, जे तुम्ही काढलेलेच नसतात. हीच ती ओळखीची जाळी. कोन ३० केलात की तारे गायब, आणि षटकोन-त्रिकोणांची वीण येते, टोपलीच्या वेताची असते तशी. मधल्या प्रत्येक कोनाला वेगळी नक्षी. षटकोनांऐवजी अष्टकोन आणि चौकोन घेतलेत तर आणखी वेगळं घराणं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या क्रेग कॅप्लन यांनी २००५ मध्ये हँकिनची रीत प्रोग्रॅममध्ये बसवून दाखवली. तेच वाचून मी 'प्रोसेसिंग'मध्ये खटपट केली. (२००१ मध्ये केसी रीस आणि बेन फ्राय यांनी चित्रकारांसाठी सुरू केलेली ही प्रोग्रॅमिंगची भाषा फुकट मिळते.) चाळीसेक ओळी लागल्या. कोन माउसने हलवता येतो. ३० पासून ६० पर्यंत हळूहळू सरकवत गेलं की टोपलीची जाळी होते. पहिल्यांदा झालं तेव्हा मी अर्धा तास नुसता माउस मागेपुढे करत बसलो होतो.

आमच्या आत्याने ते बघितलं आणि म्हणाली, "ही नऊ ते पाच आहे."

बायकांना समजलं असेल, पुरुषांसाठी सांगतो. नऊ ते पाच म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. मधल्या ओळीत नऊ ठिपके, वर आणि खाली एकेक कमी करत पाचापर्यंत यायचं, प्रत्येक ठिपका आधीच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. आपोआप षटकोन होतो. आत्या फोनवर पुण्याच्या भाचीला रांगोळी सांगते ती अशीच. नऊ ते पाच, मधून तारा, कडेने पाकळी. चित्र पाठवावं लागत नाही, नियम पाठवला की तिकडच्या फ्लॅटच्या दारात चित्र उमटतं. मी ठिपके मोजले. नऊ, आणि दोन्ही बाजूंना आठ, सात, सहा, पाच. बेरीज ६१. भास्कराचार्यांची ६१! अर्थ काही नाही, पण माझ्या अंगावर काटा आला हे खरं.

रांगोळीतही आधार लपतो. रेघा जोडल्या की ठिपके रेघांच्या खाली जातात, आणि येणारा-जाणारा म्हणतो काय सुंदर हात आहे. हात आहेच, पण हाताच्या आधी मोजणी आहे. ज्यांना मोजणीचा कंटाळा त्या कागदाला उदबत्तीने भोकं पाडून ठेवतात, कागद जमिनीवर ठेवला, वरून रांगोळी फिरवली की ठिपके तयार. १८०४ मध्ये फ्रान्समध्ये जाकारने मागावरच्या नक्षीसाठी भोकांची पुठ्ठ्याची कार्डं वापरली आणि तिथून पुढे कॉम्प्युटरचा इतिहास सुरू होतो असं पुस्तकात वाचायला मिळतं. उदबत्तीचा कागद कुठल्या पुस्तकात नाही. दक्षिणेत निदान कोलमच्या नशिबी अभ्यासक आले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे गिफ्ट आणि राणी सिरोमनी यांनी कमला कृतिवासन यांच्याबरोबर १९७४ मध्ये कोलमचं व्याकरण मांडणारा निबंध कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापला. आपल्याकडे रांगोळीची पुस्तकं ढिगाने, पण ती नक्षीची. नियमाबद्दल त्यांत अवाक्षर नसतं.

मग पाश्चात्त्यांनी १९६५ मध्ये नवं काय केलं? त्या वर्षी जर्मनीत श्टुटगार्टला गेओर्ग नेस आणि फ्रीडर नाके यांनी, आणि न्यूयॉर्कला मायकेल नोल आणि बेला युलेस यांनी कॉम्प्युटरने काढलेली चित्रं प्रदर्शनात मांडली. माझ्या मते नवी गोष्ट नियम ही नव्हतीच. नवी गोष्ट होती फासा. नियमात एक जागा मोकळी सोडायची आणि तिथे काय यावं ते यंत्राने फासे टाकून ठरवायचं. नेसच्या १९६८ च्या एका चित्रात बारा चौकोनांची एक अशा बावीस ओळी आहेत. वरची ओळ शिस्तीत उभी. खाली येता येता चौकोन थोडे कलतात, मग सरकतात, तळाशी नुसता ढिगारा. नाव 'शॉटर', जर्मनमध्ये खडी. पॅरिसच्या व्हेरा मोल्नार १९५९ पासून कॉम्प्युटर नसतानाच मनातल्या मनात यंत्र कल्पून हाताने अशी चित्रं काढत होत्या. यंत्र हाती आलं १९६८ मध्ये. त्यांना पूर्ण गोंधळ नको होता, शिस्तीत चिमूटभर, एक टक्का बेशिस्त हवी होती. शंभरीला महिना कमी असताना, डिसेंबर २०२३ मध्ये त्या गेल्या.

अलीकडे 'जनरेटिव्ह' म्हटलं की लोक वेगळंच समजतात. दोन ओळी टाइप करायच्या, एआय चित्र देतं. परवा एका लग्नात मला कुणीतरी म्हणालं, तू चाळीस ओळी लिहीत बसतोस ते आता दोन सेकंदांत होतं. होतं, नाही कशाला म्हणू? मकबऱ्यासारखी जाळी मागितली तर जाळी येते, आणि लांबून ठीक दिसते. जवळून मोजायला गेलो तर माझ्या जाळीत एक तारा पाच टोकांचा, त्याच्या शेजारचा सात. पुढेमागे तेही सुधारेल. माझं भांडण टोकांशी नाहीच. ही यंत्रं लाखो चित्रं बघून शिकतात, ती चित्रं काढणाऱ्यांची नावं कुठल्या दारावर नसतात, आणि शिकलेला नियम उघडून वाचावा म्हटलं तर अब्जावधी आकडे हाती लागतात. हमामातल्या कारागिराने रेघा पुसल्या तरी ओरखडा राहिला, तीनेकशे वर्षांनी हँकिनला वाचता आला, आणि आज गंगापुरात बसून मला तो गिरवता येतो. आत्या तर विचारलं की सांगतेच. मला नुसतं चित्र नकोय. ते कसं होतं ते कळायला हवंय, म्हणजे मी त्यात काहीतरी बिघडवू शकेन.

मकबऱ्यातल्या जाळ्या प्रत्यक्ष कोरणाऱ्यांची नावंही दारावरच्या त्या लेखात नाहीत, हे इथेच सांगून टाकतो. नियमवाल्याचं नाव राहिलं, हातवाल्यांचं गेलं. रांगोळीत दोन्ही गेली.

असो. सध्या नेसची बेशिस्त माझ्या जाळीत घालून बघतोय. वरच्या ओळी जशाच्या तशा, खाली येताना प्रत्येक ताऱ्याचा कोन थोडाथोडा फाशावर सोडायचा. तळाचे तारे पार विस्कटतात. आत्याला दाखवलं, तर तिने चष्मा वर करून विचारलं, "खालून कोण चालत गेलं?"

प्रोग्रॅम कुणाला हवा असेल तर कळवा, पाठवतो.