स्तनाच्या गाठीचे शस्त्रक्रियापूर्व प्रतिमाचित्रण

स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी गाठीचा आकार, विस्तार व संख्या ठरवण्यासाठी मुख्यतः मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि एमआरआय या पद्धती वापरतात. केवळ गाठ काढावी की संपूर्ण स्तन, हा निर्णय बऱ्याच अंशी या मापनावर अवलंबून असतो.

मॅमोग्राफीत कॅल्शियमचे सूक्ष्म कण उत्तम दिसतात. मात्र दाट ऊती आणि गाठ दोन्ही पांढऱ्याच दिसत असल्याने, विशेषतः तरुण स्त्रियांमध्ये, गाठ झाकली जाऊ शकते. सोनोग्राफीत क्ष-किरण लागत नाहीत. तिच्यामुळे घन गाठ व द्रवयुक्त पुटी यांतील फरक कळतो, तसेच काखेतील लसिकाग्रंथीही तपासता येतात.

गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून देऊन केलेला एमआरआय या तिन्हींत सर्वाधिक संवेदनशील आहे. आक्रमक लोब्युलर कर्करोगात पेशी एकामागोमाग रांगेने पसरतात व इतर दोन्ही पद्धती गाठीचा आकार अनेकदा कमी दाखवतात. तेथे एमआरआय विशेष उपयोगी पडतो. परंतु तो निरुपद्रवी भागही संशयास्पद दाखवतो, म्हणून बायोप्सीने खात्री केल्याशिवाय केवळ त्याच्या आधारे शस्त्रक्रिया वाढवणे योग्य मानले जात नाही. एमआरआयमुळे शस्त्रक्रिया अधिक अचूक होईल, ही अपेक्षाही सरसकट खरी ठरलेली नाही. ब्रिटनमधील १,६२३ स्त्रियांवरील कोमिस चाचणीत (२०१०) एमआरआय केलेल्या व न केलेल्या दोन्ही गटांत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण सुमारे १९ टक्केच होते.