विषयनिवड आणि विद्यार्थी-अभिप्राय

विषयनिवड आणि विद्यार्थी-अभिप्राय : महाविद्यालयात ऐच्छिक विषय निवडताना, तो विषय आधी शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या मतांचा आधार घेण्याची पद्धत. ही मते तोंडी, छापील मार्गदर्शिकेतून किंवा संगणकीय नोंदींतून मिळतात. विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत अभ्यासक्रम आणि श्रेयांक दिलेले असतात. प्राध्यापक कसे शिकवतात, आठवड्याला किती वाचावे लागते, हजेरी कितपत पाहिली जाते आणि गुण देताना हात सैल असतो की आखडता, हे मात्र त्या वर्गात बसलेलाच सांगू शकतो. जिथे सगळे विषय ठरलेले असतात तिथे या माहितीचा फारसा उपयोग नसतो. त्यामुळे ही पद्धत ऐच्छिक विषयांच्या प्रथेबरोबरच वाढली.

उगम : अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात चार्ल्स विल्यम एलियट यांच्या अध्यक्षपदाच्या काळात (1869–1909) अनिवार्य विषय टप्प्याटप्प्याने कमी झाले आणि निवड जवळजवळ पूर्णपणे विद्यार्थ्यांकडे आली. सोपे विषय गोळा करून पदवी मिळवता येते, अशी टीका होऊ लागली. एलियट यांच्यानंतर आलेल्या ए. लॉरेन्स लोवेल यांनी मुख्य विषयात ठरावीक खोली आणि इतर शाखांत ठरावीक विस्तार असे बंधन घातले. त्या चौकटीतही निवडीला बराच वाव उरला. 1925 मध्ये ‘हार्वर्ड क्रिमसन’ या विद्यार्थी-दैनिकाने अभ्यासक्रमांची ‘कॉन्फिडेन्शियल गाइड’ काढली. तिच्यात विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या व्याख्यानांवर मोकळेपणाने, प्रसंगी बोचऱ्या शब्दांत लिहिले.

त्याच दशकात दुसरा प्रवाह सुरू झाला. वॉशिंग्टन विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ एडविन गथ्री आणि पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी अध्यापनाचे मूल्यमापन विद्यार्थ्यांकडून करून घेण्याच्या मापनश्रेणी तयार केल्या. क्रिमसनची मार्गदर्शिका विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी लिहिली होती. या श्रेणी प्राध्यापक व संशोधकांसाठी होत्या. पुढे हे दोन प्रवाह एकमेकांत मिसळले आणि या विषयावरील बहुतेक वाद त्यातूनच उद्भवले.

विस्तार : 1960च्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात ‘स्लेट’ या विद्यार्थी-संघटनेने विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेला जोड म्हणून स्वतःची पुरवणी काढली. सप्टेंबर 1964 च्या अंकात तिने पदवीपूर्व विद्यार्थ्यांना उघड बंडाचे आवाहन करणारे पत्र छापले. त्याच शरद ऋतूत तेथे भाषणस्वातंत्र्याची चळवळ उभी राहिली. ब्राउन विद्यापीठाने 1969 मध्ये खुला अभ्यासक्रम स्वीकारला आणि शाखानिहाय सक्ती काढून टाकली. तेथे पुढच्या दशकात विद्यार्थ्यांनी ‘क्रिटिकल रिव्ह्यू’ ही मार्गदर्शिका चालवायला घेतली. 1999 मध्ये कॅलिफोर्नियातील एका सॉफ्टवेअर अभियंत्याने सुरू केलेली सेवा पुढे ‘रेट माय प्रोफेसर्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्यात प्राध्यापकाच्या दिसण्याबद्दल मिरचीचे चिन्ह देण्याची सोय होती. प्राध्यापकांच्या आक्षेपानंतर ती सोय 2018 मध्ये काढली गेली.

येल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्याच नोंदींतील सरासरी गुणांकनानुसार अभ्यासक्रम क्रमाने लावून दाखवणारी सोय बनवली. 2014 मध्ये विद्यापीठाने ती आपल्या जाळ्यावर अडवली. लगेच दुसऱ्या विद्यार्थ्याने तेच काम न्याहाळकातच करणारी जोडणी तयार केली. ती अडवण्याचा मार्ग विद्यापीठाकडे नव्हता. अभिप्राय विद्यार्थ्यांना आधीपासूनच उपलब्ध होते. वाद होता तो त्यांचा एक आकडा करून प्राध्यापकांची उतरंड लावावी की नाही, याचा.

उपयोग व परिणाम : विद्यार्थी अभिप्रायांत प्रामुख्याने तीन गोष्टी शोधतात : बोजा, शिकवण्याची पद्धत आणि गुण. यांतील गुणांच्या माहितीचा परिणाम कॉर्नेल विद्यापीठात स्पष्ट दिसला. प्रत्येक अभ्यासक्रमातील मध्यक श्रेणी जाहीर करण्याचे तेथे 1996 मध्ये ठरले. कोणती श्रेणी सहज मिळालेली आणि कोणती कष्टाची, हे वाचणाऱ्याला कळावे, हा हेतू होता. 1998 पासून हे आकडे संगणकावर सर्वांना दिसू लागले. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले, की विद्यार्थ्यांचा ओढा सैल गुणदानाच्या अभ्यासक्रमांकडे वाढला होता. 2011 मध्ये ही प्रसिद्धी थांबवण्यात आली.

अभिप्रायांखेरीज काही विद्यापीठांनी सत्राच्या आरंभी वेगवेगळ्या वर्गांत बसून पाहण्याची मुभा दिली. हार्वर्डमध्ये तिला ‘शॉपिंग वीक’ म्हणत. वर्गात किती विद्यार्थी टिकतील आणि किती साहाय्यक अध्यापक नेमावे लागतील, हे आधी कळत नसे. या अडचणीमुळे 2022 मध्ये तेथील प्राध्यापकांनी ती प्रथा बंद करून पूर्वनोंदणीच्या बाजूने मत दिले.

मर्यादा : वर्ग आवडणे आणि विषय समजणे या वेगळ्या गोष्टी आहेत. 1973 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ‘डॉ. फॉक्स’ या नावाने एका अभिनेत्याने डॉक्टर व शिक्षणतज्ज्ञांसमोर गणिती द्यूत-सिद्धांतावर व्याख्यान दिले. मजकूर मुद्दाम विसंगत व पोकळ ठेवलेला होता, सादरीकरण मात्र खुमासदार होते. श्रोत्यांनी व्याख्यानाला चांगली पसंती दिली. 2015 च्या दुसऱ्या एका प्रयोगात दूरस्थ वर्गातील विद्यार्थ्यांना शिक्षक स्त्री आहे की पुरुष, हे बदलून सांगण्यात आले. पुरुष समजलेल्या शिक्षकाला अधिक गुण मिळाले. 2018 मध्ये टोरांटोच्या रायर्सन विद्यापीठाच्या प्रकरणात लवादाने निर्णय दिला, की बढती व कायम नेमणुकीसाठी अध्यापनाची परिणामकारकता ठरवताना असे गुणांकन वापरू नये.

अभिप्राय कोण लिहितो, हाही प्रश्न असतो. अभिप्राय देणे ऐच्छिक असेल तर बहुधा अतिशय खूश आणि अतिशय नाराज विद्यार्थी अधिक लिहितात, मधले गप्प राहतात. म्हणून काही विद्यापीठांत अभिप्राय भरला किंवा स्पष्ट नकार नोंदवला, तरच निकाल लवकर पाहता येतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने सरासरी आकड्यापेक्षा ठोस वाक्य उपयोगी ठरते. ‘दर आठवड्याला निबंध, पण तपासून परत मिळतो’ या वाक्यावरून एकाला तो विषय घ्यावासा वाटेल, तर दुसऱ्याला टाळावासा.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतात 2015 पासून निवडाधारित श्रेयांक पद्धतीचा प्रसार झाला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 नुसार महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत 2023-24 पासून आणि संलग्न महाविद्यालयांत 2024-25 पासून मेजर, मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह (‘ओई’) अशी रचना आली. त्यामुळे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही दुसऱ्या शाखेतील ‘ओई’ घ्यावी लागते. ती कोणती घ्यावी, हे बहुधा सीनियर मंडळी आणि वर्गाचा व्हॉट्सॲप गट ठरवतो. ‘स्कोरिंग आहे का’, ‘इंटर्नल कोण देतं’, ‘केटी लागते का’, ‘नोट्स मिळतील का’ हे नेहमीचे प्रश्न असतात. निवड कागदावर दिसते तेवढी मोकळी नसते. पुरेसे विद्यार्थी आले नाहीत किंवा शिक्षक नसले, तर विषय चालत नाही. वेळापत्रकात दोन विषय एकाच तासाला येतात आणि गावाची शेवटची एसटी गाठायची असेल, तर दुपारचा तास आपोआप बाद होतो.

औपचारिक अभिप्राय येथेही गोळा होतात. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’च्या 2017 मधील सुधारित मूल्यांकन-चौकटीत विद्यार्थी-समाधान सर्वेक्षणाचा समावेश झाला, आणि महाविद्यालये स्वतःचे फीडबॅक फॉर्मही भरून घेतात. हे सर्व मुख्यतः मूल्यांकनाच्या फायलीसाठी असते. पुढच्या वर्षी तोच विषय निवडणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती ते सहसा पोहोचत नाही. परिणामी ज्याच्या घरात किंवा ओळखीत आधी कुणी कॉलेजला गेलेले आहे, त्याला चांगला सल्ला मिळतो, आणि घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्याला प्रवेश-खिडकीवर ज्या विषयात जागा शिल्लक असेल तो घ्यावा लागतो.